मदत हवी आहे : कॉम्प्युटेशनल सायन्ससाठी बीएस्सी की बीटेक?

नमस्कार मंडळी. भाची इथे इंदूरलाच बारावीत आहे, गणित-भौतिक-रसायन घेऊन. तिला ॲप-वेबसाइट बनवायच्या नाहीत. हवामान, द्रवप्रवाह असलं गणित कॉम्प्युटरवर सोडवायचंय. सळईतून उष्णता कशी पसरते ते पायथनमध्ये करत बसते. काळाचा टप्पा जरा वाढवला की तापमानाचे आकडे उधळतात, आणि ते का, हे शोधण्यातच तिचा जीव रमतो. (टप्पा सळईवरच्या दोन बिंदूंमधल्या अंतराच्या वर्गाच्या हिशेबात लहान ठेवावा लागतो म्हणे.)

काही अभ्यासक्रम चाळले. बीटेक कॉम्प्युटरला न्यूमरिकल मेथड्स (समीकरणं आकड्यांनी, अंदाजे सोडवायच्या पद्धती) एखाद्या पेपरात उरकतात. बीएस्सीत डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जेब्रा भरपूर, पण प्रोग्रॅमिंग जुजबी. जेईई आणि आयसरची (केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची) परीक्षा ती देणारच आहे, प्रश्न तिथे जमलं नाही तर काय याचा आहे. खासगी कॉलेजची लाखांची फी झेपणार नाही. ‘आधी सीएस (कॉम्प्युटर सायन्स) करून घे’ हे घरातल्या सगळ्या काकांनी सांगून झालंय, कृपया तेवढं सोडून बोला.

बीएस्सी करून आयआयटी जॅममार्गे (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) इकडे वळलेलं कुणी आहे का? त्या तीन वर्षांत प्रोग्रॅमिंगची कसर कशी भरून काढली, आणि गणितासोबत भौतिक ठेवणं कितपत गरजेचं?