अंदमानात एक दिवस मोकळा, पक्षी कुठे बघू?

रानवाट_नागपूर
डिसेंबरात आईला घेऊन अंदमानला चाललोय. पोर्ट ब्लेअरमध्ये (आताचं श्री विजयपुरम) एकच दिवस मोकळा आहे. तेवढ्यात नारकोंडमचा धनेश जमेल का?

समुद्रगवत
धनेश नाही जमणार. तो जगात फक्त नारकोंडम बेटावर आहे, आणि तिथे परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही.

मी इथे समुद्रगवतावर काम करतो. आठवड्याचे सहा दिवस डोकं पाण्याखाली, चौकटीतली पाती मोजत. कानात फक्त आपलाच श्वास. म्हणून रविवारी चिडिया टापूच्या जंगलात जातो तो आधी ऐकायला. शहरापासून साधारण 25 किलोमीटर.

फार फिरू नका, एका जागी बसा. परवा पडलेल्या गर्जनच्या ओंडक्यावर बसलो होतो. तासभर बुलबुल नि कोतवालांचा गलका. मग ठक्, ठक्. अंदमानी सुतार! अंगानं काळाकुट्ट, डोक्यावर लालभडक तुरा. वीस मिनिटं एकाच वठलेल्या फांदीची साल उडवत होता. भारद्वाजाचा घुमका ऐकून गावाकडची आठवण येईल, पण इथला दिसायला वेगळा: पंख तेच विटकरी, अंग मात्र दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं.

संध्याकाळी घुबडं बोलतात. मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना बोलावणारे भेटतील. कृपा करून नको म्हणा. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो शिकार सोडून धावत येतो. त्याची अख्खी रात्र आपण खातो.

पाणलावा
सोबत विजेरी ठेवा. घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला. डिसेंबरात साडेपाचला काळोख.

रानवाट_नागपूर
आभार! आईचे गुडघे दुखतात, जंगलात चालणं जमणार नाही. ती हॉटेलवरच थांबेल म्हणते.

समुद्रगवत
अहो, त्यांना अजिबात मागे ठेवू नका. सकाळी आधी सिप्पीघाटला जा. 2004च्या भूकंपात इथली जमीन खचली, भातखाचरांत समुद्र शिरला, तो परत गेलाच नाही. कुणाची तरी शेती होती, हे तिथं उभं राहिलं की प्रत्येक वेळी जाणवतं. आता त्या पाण्यात अंदमानी बदकं उतरतात. डोळ्याभोवती पांढरं कडं, लगेच ओळखू येतात. रस्ता पाण्याला लागूनच आहे. गाडी कडेला लावा, काच खाली करा आणि दुर्बीण आधी आईंच्या हातात द्या.