‘सामूहिक हिंसा’ की ‘हत्याकांड’?

(बोलणारे सोलापूरचे; नावांऐवजी त्यांच्या भागांची नावं दिली आहेत.)

बाळीवेस : एक टिपण तपासायला आलंय, शीर्षक ‘शाळांमधील सामूहिक हिंसेचा इतिहास’. आत अमेरिकेतलं बाथ आणि कोलंबाइन, रशियातलं बेसलान, पाकिस्तानातलं पेशावर इथल्या शाळा. शीर्षक खटकतंय, पण का ते सांगता येईना.

साखरपेठ : खटकणारच. ‘सामूहिक’ हे विशेषण मराठीत करणाऱ्यांना चिकटतं, सोसणाऱ्यांना नाही. सामूहिक प्रार्थना, सामूहिक राजीनामे, दहावीच्या केंद्रावरची सामूहिक कॉपी. ‘शाळांमधील सामूहिक हिंसा’ वाचलं की मधल्या सुट्टीत दोन वर्ग पट्ट्या घेऊन एकमेकांवर धावलेत असं डोळ्यांपुढे येतं. बाथला करणारा एकटा होता. मिशिगनमधलं गाव, 18 मे 1927. शाळेच्याच मंडळाच्या खजिनदाराने इमारतीखाली स्फोटकं पेरली होती. 38 मुलं गेली. स्फोटकांचा बराच भाग उडालाच नाही, म्हणून अर्धी इमारत वाचली.

सातरस्ता : ‘सामूहिक दंड’ कुठे बसवणार? 1942 मध्ये इंग्रजांनी गावंच्या गावं दंडली, तिथे समूह सोसणाराच आहे.

साखरपेठ : मान्य. पण दंड हा सोसायचाच असतो, तिथे गोंधळ होत नाही. हिंसेचं तसं नाही.

नवीपेठ : मग ‘शाळांमधील गोळीबार’ करा की. पेपरात तेच येतं.

सातरस्ता : नको. बाथला स्फोट होता. 1964 मध्ये जर्मनीत कोलोनला फवारणीच्या पंपातून आग सोडली, भालाही चालवला, 8 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. 2001 मध्ये जपानात ओसाकाला सुरी, 8 मुलं. या तिन्ही ठिकाणी मुलं गोळीने गेली नाहीत. शिवाय मराठीत नुसतं ‘गोळीबार झाला’ म्हटलं की बंदूक पोलिसांच्या हातात दिसते. सोलापुरात तर मे 1930 चा पोलिसी गोळीबारच आठवतो. ‘शाळेत गोळीबार, 26 ठार’ या मथळ्यात कर्ताच गायब होतो. मग तो भरून काढायला ‘माथेफिरू’ घालतात. ते निदान नव्हे, शेरा आहे. ‘हल्लेखोर’ पुरे.

बाळीवेस : म्हणजे हत्याकांड?

साखरपेठ : हो. कांड म्हणजे पेरं, दोन सांध्यांमधला तुकडा. उसाचं कांडं, रामायणाची कांडं. मागावरची कांडीही त्याच कुळातली. म्हणून हत्याकांडाला तारीख आणि जागा असते : जालियनवाला बाग हत्याकांड, डनब्लेन हत्याकांड (स्कॉटलंडमधली शाळा, 13 मार्च 1996, 16 मुलं आणि त्यांच्या बाई). ‘कत्तल’ अर्थाने चालेल, पण मोहरमची कत्तलची रात निवडणुकीच्या आदल्या रात्रीला लावून लावून शब्द बोथट झालाय. ‘नरसंहार’ हजारोंसाठी राखून ठेवा. ‘शिरकाण’ तलवारीचं.

सातरस्ता : एक प्रत्यय सांभाळा. कोलंबाइनला मारणारे त्याच शाळेचे विद्यार्थी, म्हणून ‘शाळेतील’. बेसलानला 1 सप्टेंबर 2004 रोजी बाहेरून टोळी आली, 1,100 हून अधिक लोक तीन दिवस ओलीस, 334 बळी, त्यांत 186 मुलं. 16 डिसेंबर 2014 ला पेशावरलाही हल्लेखोर बाहेरूनच आले. ही दोन ‘शाळेवरील हल्ला’. आणि ‘ओलीसनाट्य’ असेल तर खोडा, नाट्य कसलं त्यात!

बाळीवेस : बाथचा आकडा एका पानावर 44, दुसऱ्यावर 45 आहे.

साखरपेठ : दोन्ही बरोबर, शब्द चुकलेत. 45 मध्ये हल्लेखोर धरलाय. ‘बळी 44’, ‘मृत 45’ असं लिहा. बळी म्हटलं की मारणारा त्यात येत नाही. कोलंबाइनलाही त्या दिवशी बळी 13, मृत 15.

बाळीवेस : मग शीर्षक ‘शाळांमधील हत्याकांडे आणि शाळांवरील हल्ले’ करते. लांबलंय, चालेल. पेशावरच्या परिच्छेदात अजून एक वाक्य आहे : ‘हल्लेखोरांनी 132 मुलांना कंठस्नान घातले.’

सातरस्ता : कंठस्नान शत्रूला घालतात. ‘ठार मारले’ करा.