लपून घेतलेल्या उपचाराने लोकलज्जा कमी होते का?

पाऊलवाट

मानसिक आजारात मदत करणाऱ्या अ‍ॅप्सच्या आणि चॅटबॉटच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. ज्याला मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढण्याची लाज वाटते त्याला कोणालाही कळू न देता मदत मिळते, आणि अशी मदत घेणारे वाढले की या आजारांविषयीचा समाजातला संकोचही आपोआप मावळेल. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा भाग मात्र तपासल्याशिवाय स्वीकारला जात आहे, म्हणून हा धागा.

लाज हा अडथळा खराच आहे. क्लेमंट आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली १४४ अभ्यासांचा, म्हणजे नव्वद हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेतला. कलंकाच्या भीतीमुळे मदत टाळण्याची जी कारणे त्यात दिसली, त्यांत ‘आपला आजार इतरांना कळेल’ ही धास्ती सर्वाधिक वेळा आढळली. अ‍ॅप ही धास्ती घालवते, पण घालवते ती आजार झाकून. आता दुसरी बाजू पाहा. पॅट्रिक कॉरिगन यांनी २०१२ साली कलंक कमी करणाऱ्या उपक्रमांचा असाच आढावा घेतला, तेव्हा प्रौढांच्या बाबतीत नुसती माहिती देण्यापेक्षा आजारातून गेलेल्या माणसाशी आलेला संपर्क अधिक प्रभावी ठरला, आणि चित्रफितीपेक्षा समोरासमोरची भेट अधिक प्रभावी ठरली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या २०२२ च्या आयोगानेही असाच निष्कर्ष काढला. लोकांचे मत बदलण्यासाठी ज्यांची भेट व्हायला हवी तीच माणसे पडद्याआड राहणार असतील, तर मत बदलणार कसे?

नैराश्यावरचा उपचार ऑनलाइन शिकवणाऱ्या ‘मूडजिम’ या ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या संकेतस्थळाचा अभ्यास मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. नैराश्याची लक्षणे असलेल्या ५२५ जणांवर झालेल्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. वापरकर्त्यांच्या स्वतःच्या मनातला नैराश्याविषयीचा दूषित ग्रह थोडासा कमी झाला. परंतु ‘इतर लोक अशा माणसांना कमी लेखतात’ ही त्यांची समजूत नियंत्रण गटाच्या, म्हणजे ते संकेतस्थळ न दिलेल्यांच्या, तुलनेत वाढली. एकट्याने पडद्यासमोर बसून स्वतःला समजून घेता येते, पण बाहेरच्या जगाविषयीचा विश्वास तिथे मिळत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

उंबरठा

आपल्या मांडणीशी मी असहमत आहे, आणि आकड्यांपेक्षा त्यामागच्या अपेक्षेला माझा आक्षेप आहे. समाजाचे मत बदलायचे म्हणून आजारी माणसाने समोर यावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. मी एका ठिकाणी काम करत असताना माझ्या नैराश्याविषयी वरिष्ठांना विश्वासाने सांगितले होते. त्यानंतर जबाबदारीचे प्रत्येक काम ‘तुम्हाला ताण नको’ असे म्हणत दुसऱ्याकडे गेले. कोणी वाईट बोलले नाही, म्हणून तक्रारही करता आली नाही. पुढे आजार उलटला तेव्हा मी कोणालाच सांगितले नाही, आणि रात्री दोन वाजता एका अ‍ॅपच्या पडद्यावर लिहीत बसले. तेव्हा मी समाजासाठी काय करत होते, हा प्रश्न मला कोणी विचारू नये असे वाटते.

संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ या संभाषण करणाऱ्या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्याच सचिव असलेल्या बाईंनी, तो प्रोग्राम कसा तयार झाला हे डोळ्यांदेखत पाहिलेले असूनही, त्याच्याशी बोलताना वायझेनबाम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. वायझेनबाम यांना हे धोक्याचे लक्षण वाटले आणि पुढे ते अशा वापराचे कठोर टीकाकार झाले. मला त्या प्रसंगात वेगळे काही दिसते. आपण यंत्राशी बोलतो आहोत हे त्या बाईंना ठाऊक होते. त्यांना नको होते ते फक्त ऐकणारे माणूस. २०१४ साली गेल लुकास आणि सहकाऱ्यांनी हेच प्रयोगात दाखवले. पडद्यावरची आभासी मुलाखतकार संगणकच चालवत आहे असे ज्यांना सांगितले, ते तिच्यामागे माणूस आहे असे सांगितलेल्या लोकांपेक्षा अधिक मोकळेपणाने बोलले. प्रथम कुठेतरी बोलता येणे ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

साक्षेपी

दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक आहे, की ही साधने उपयोगी पडतात आणि गुपित राखतात. दोन्ही गोष्टींबाबत सावध राहावे लागते.

उपयोगाविषयी : अनेक चाचण्यांत तुलना प्रतीक्षायादीतल्या लोकांशी केलेली असते. जनरेटिव्ह एआयवर चालणाऱ्या ‘थेराबॉट’ची २१० प्रौढांवरची जी चाचणी २०२५ साली गाजली, तीही अशीच होती. काहीच न मिळालेल्यांपेक्षा काहीतरी मिळालेल्यांना बरे वाटले, एवढेच त्यातून खात्रीने म्हणता येते. प्रत्यक्ष आरोग्यसेवेत तपासले, तेव्हा चित्र वेगळे निघाले. इंग्लंडमध्ये ६९१ रुग्णांवर झालेल्या २०१५ च्या चाचणीत नेहमीच्या डॉक्टरी उपचारांना संगणकीय वर्तनोपचाराची (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची) जोड देऊनही चार महिन्यांनी नैराश्यात वेगळा फरक दिसला नाही. वापर कमी होता, हे त्याचे एक कारण. बाउमेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ९३ अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर मोजला, तेव्हा पंधरा दिवसांनी अ‍ॅप उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण (निम्म्या अ‍ॅप्समध्ये याहून कमी, निम्म्यांत अधिक) ३.९ टक्के होते. याउलट, कारयोटाकी यांच्या २०२१ च्या विश्लेषणानुसार मध्यम आणि तीव्र नैराश्यात माणसाच्या मार्गदर्शनाची जोड असलेला ऑनलाइन उपचार अधिक परिणामकारक ठरतो. सौम्य नैराश्यात मात्र तो फरक जवळजवळ राहत नाही. म्हणजे, उंबरठा, जो ऐकणारा माणूस आपल्याला सुरुवातीला नकोसा वाटला, तोच आजार वाढल्यावर आवश्यक ठरतो.

गुपिताविषयी : अमेरिकेत ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने २०२३ साली ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप ठेवला, आणि ते प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटले. कंपनीने चूक कबूल केली नाही. तरीही, शेजाऱ्यापासून झाकलेली गोष्ट जाहिरातदारापर्यंत पोहोचू शकते, ही शंका आता निराधार म्हणता येत नाही.

उंबरठा

३.९ टक्के हा आकडा वाचून मला आश्चर्य वाटले नाही. मीही ते अ‍ॅप जेमतेम तीन आठवडे वापरले. पण अ‍ॅप सोडणारा प्रत्येक जण निराश होऊनच सोडतो, असे त्या आकड्यावरून ठरत नाही. मी सोडले, कारण तोवर डॉक्टरांकडे जाण्याइतके बळ आले होते. माहिती विकली जाण्याविषयीचे आपले म्हणणे मात्र मला अस्वस्थ करून गेले. हे मला तेव्हा माहीत असते, तर मी एक ओळही लिहिली नसती.

तिसरा प्रहर

इथे सारी चर्चा नैराश्याची चालली आहे. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणून हे लिहितो.

बर्निस पेस्कोसोलिडो यांच्या गटाने अमेरिकेत १९९६, २००६ आणि २०१८ अशा तीन सर्वेक्षणांची तुलना केली आहे. नैराश्य असलेल्या माणसापासून दूर राहण्याची इच्छा २०१८ पर्यंत स्पष्टपणे कमी झाली. त्याच काळात स्किझोफ्रेनिया असलेला माणूस धोकादायक असतो हा समज वाढला. ‘मानसिक आरोग्याविषयी समाज आता मोकळा झाला आहे’ असे कोणी म्हणाले की मला ही दुसरी ओळ आठवते. हा मोकळेपणा उदासी, चिंता आणि निद्रानाशापाशी येऊन थांबला आहे, आणि बहुतेक अ‍ॅप्सही तिथेच थांबतात. ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्यासाठी त्या हसऱ्या चित्रांच्या जगात जागा नाही. माझा भाऊ लपूच शकत नाही; आजार वाढला की त्याच्या चालण्याबोलण्यातून तो दिसतो. लपायचे की नाही हा पाऊलवाट आणि उंबरठा यांच्यातला वाद मला समजतो, पण तो निवड करता येणाऱ्यांचा वाद आहे. ज्यांना लपता येते ते सगळे लपून राहिले, तर लोकांसमोर उरतात ती फक्त माझ्या भावासारखी, सर्वांत कठीण अवस्थेतली माणसे, आणि लोक त्यांच्यावरूनच साऱ्या आजारांची कल्पना करतात.

पाऊलवाट

तिसरा प्रहर यांनी जे मांडले ते माझ्या मूळ लेखात यायला हवे होते. उंबरठा यांचा आक्षेपही मी मान्य करतो : समोर येण्याची सक्ती कोणावरही नको, आणि ज्या कामाच्या ठिकाणी सांगण्याची शिक्षा मिळते तिथे तर ती अपेक्षाही नको. माझा आग्रह आता एवढाच आहे, की अ‍ॅप तयार करणाऱ्यांनी ‘कलंक कमी होतो’ हा दावा करण्यापूर्वी तो वापरकर्त्यांच्या आजूबाजूच्या लोकांमध्ये मोजून दाखवावा. शिवाय, बरे वाटू लागल्याची नोंद झाली की ‘जवळच्या एखाद्या व्यक्तीला सांगावेसे वाटते का’ असे विचारून त्यासाठी साहाय्य करण्याची सोयही अ‍ॅपमध्ये असावी.

उंबरठा

पहिली सूचना मान्य. दुसरी नाही. अ‍ॅपमधल्या माझ्या तीन आठवड्यांच्या नोंदींचा आलेख मी शेवटी माझ्या बहिणीला दाखवला, कारण तोंडाने सांगणे जमत नव्हते. तिने तो दोनदा पाहिला आणि डॉक्टरांकडे माझ्यासोबत आली. पण दाखवायचे हे मी ठरवले. अ‍ॅपने तसे विचारले असते, तर मी ते त्याच दिवशी काढून टाकले असते.