शाळेत लैंगिक शिक्षण: नुसतं 'थांबा' सांगायचं की सगळंच?

वैतागलेली_आई:
नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेत पालक समितीपुढे दोन कोर्सचे प्रस्ताव आलेत आणि माझं डोकं भणभणलंय. पहिल्यात मुलांना एकच गोष्ट ठासून सांगायची, लग्नापर्यंत शरीरसंबंध नाही म्हणजे नाही, गर्भनिरोधकांचा विषय निघालाच तर ती फेल कशी जातात तेवढंच बोलायचं. दुसऱ्यात शरीर, पाळी, संमती, नाती, गर्भनिरोधकं, एचआयव्ही असं सगळं आहे, वयाप्रमाणे थोडं थोडं. मीटिंगमध्ये अर्धे लोक माना खाली घालून बसलेले आणि उरलेले एकमेकांवर ओरडत होते. एक गृहस्थ तर म्हणाले, माहिती दिली की पोरं करून बघणारच. मला पटलं नाही पण खोडून काढायला हातात काही नव्हतं. आणि खरं सांगू का, पोरांनी घाई करू नये असं मलाही वाटतंच, मग पहिला कोर्स वाईट कसा? कोणी यातला अभ्यास वाचला असेल किंवा शिकवायचा अनुभव असेल तर सांगा, भाषणं नकोत प्लीज.

आकडेमोड्या:
थेट मुद्द्यावर येतो. पहिल्या टाइपच्या कोर्सवर सगळ्यात जास्त पैसा ओतला अमेरिकेने. १९९६ च्या वेल्फेअर (म्हणजे गरिबांना सरकारी मदतीच्या) कायद्यात त्यासाठी वर्षाला ५ कोटी डॉलर ठेवले आणि काय शिकवायचं याची आठ कलमंच कायद्यात घातली, लग्नाबाहेरच्या संबंधांचे मनावर आणि शरीरावर वाईट परिणाम होण्याची शक्यता असते हे त्यातलं एक. कॅलिफोर्नियाने तो निधी कधी घेतलाच नाही. मग अमेरिकेच्या संसदेनेच याची तपासणी करायला लावली. मॅथेमॅटिका नावाच्या संशोधन संस्थेने चार कार्यक्रम निवडले, दोन हजारांवर मुलं, कोर्स कोणाला मिळणार ते लॉटरीने ठरवलं आणि चार ते सहा वर्षांनी त्याच मुलांना परत गाठलं. २००७ साली रिपोर्ट आला. कोर्स केलेली असोत की न केलेली, दोन्हीकडे साधारण निम्मी मुलं थांबलेली होती, आणि जी थांबली नव्हती त्यांचं पहिल्या संबंधाचं सरासरी वय दोन्हीकडे १४.९. दशांशापर्यंत सेम! फक्त हेही सांगितलं पाहिजे की कोर्समुळे कंडोमचा वापर घटला असंही त्यात दिसलं नाही. म्हणजे नुकसान नाही, पण ज्यासाठी एवढा खर्च केला तेही झालं नाही.

त्या गृहस्थांसाठी: युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली, त्यासाठी जगभरातले अभ्यास तपासले होते, सगळं शिकवल्याने मुलं लवकर सुरुवात करतात असं त्यात निघालं नाही. उलट काही ठिकाणी सुरुवात लांबलीच.

सरळसोट:
एकाच बाजूचं किती सांगणार राव? काही आईबापांना खरंच वाटतं की हा घरातल्या संस्कारांचा विषय आहे, शाळेने त्यात पडू नये, म्हणून लगेच त्यांना मागासलेले ठरवायचं कारण नाही. शपथांचंच घ्या, बेअरमन आणि ब्रुकनर यांच्या २००१ च्या अभ्यासात लग्नापर्यंत थांबायची शपथ घेतलेल्या मुलांची सुरुवात सरासरी दीड वर्ष लांबली होती, हे कोणी सांगत नाही. आणि दुसरा कोर्स म्हणजे काय रामबाण आहे का? २०१६ चा कॉक्रेन रिव्ह्यू काढा, म्हणजे एकाच विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, आठ मोठ्या चाचण्या, ५५ हजारांवर मुलं, आणि शाळेतल्या नुसत्या वर्गांमुळे एचआयव्ही, इतर गुप्तरोग किंवा गरोदरपण कमी झाल्याचं दिसलंच नाही.

आकडेमोड्या:
@सरळसोट कॉक्रेनचा मुद्दा एकदम मान्य. नुसते तास घेऊन भागत नाही, मुलांना डॉक्टरकडे न लाजता जाता आलं पाहिजे, साधनं मिळाली पाहिजेत. पण शपथेचं अर्धंच सांगितलंत. ती फक्त अशा शाळांत चालली जिथे शपथ घेणारे थोडे होते, सगळ्यांनीच घेतली की परिणाम गायब, कारण मग त्यात 'आमचा ग्रुप वेगळा' ही गंमत उरत नाही. आणि ज्यांची शपथ मोडली त्यांनी पहिल्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं. पुढे २००९ च्या रोझेनबॉम यांच्या अभ्यासात तर शपथेनंतर पाच वर्षांनी विचारल्यावर शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के म्हणाले, छे, आम्ही कुठे घेतली होती!

खडू_फळा:
वर्गात हे शिकवते म्हणून लिहिते. मी दाराजवळ एक डबा ठेवते, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, आणि कोणाची ते कळू नये म्हणून सगळ्यांनी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी टाका. त्यातून जे निघतं ना ते बघून दोन्ही बाजूच्या पालकांची तोंडं बंद होतील. 'पाळी दोन महिने आली नाही म्हणजे मला काही झालंय का', 'झोपेत चड्डी ओली होते, हा आजार आहे का', 'मैत्रिणीला मामेभाऊ नको तिथे हात लावतो, तिने सांगितलं तर तिलाच बोलतील का'. आता या शेवटच्या चिठ्ठीला 'लग्नापर्यंत थांबा' हे उत्तर कसं देणार सांगा? ती पोरगी काही करायला निघालेलीच नाहीये. पहिल्या कोर्समध्ये ती मुळात बसतच नाही, आणि दुसऱ्यात संमतीचा तास असतो तो तिच्याचसाठी असतो, त्या तासाला मी कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, पहिल्या माणसाने ऐकलं नाही तर पुढे कोणाकडे जायचं ते सगळं बोलून घेते.

आणि हो, थांबलेलं चांगलं हे दुसऱ्या कोर्समध्येही शिकवतात, नाही कसं म्हणायचं याची प्रॅक्टिससुद्धा घेतात. हा भाग लोक वाचतच नाहीत.

टपोरी_मोगरा:
+१ ताई. एलिझाबेथ स्मार्टचं कोणी वाचलंय का? २००२ मध्ये अमेरिकेत १४ वर्षांच्या या मुलीचं घरातून अपहरण झालं, नऊ महिने तिच्यावर अत्याचार झाले. पुढे २०१३ मध्ये ती जाहीरपणे म्हणाली की शाळेत एका बाईंनी लग्नाआधी संबंध आलेल्या मुलीची तुलना चघळलेल्या च्युइंगमशी केली होती, आणि अत्याचारानंतर तिच्या मनात तेच आलं, आता मला कोण विचारणार. पळून जायचं तरी कशासाठी असं मुलींना का वाटतं ते तिला यावरून समजत होतं. वाचून अंगावर काटा आला होता माझ्या.

सरळसोट:
हे भयंकर आहे. पण हा शिकवणाऱ्याचा दोष, थांबायला सांगण्याचा नाही.

आकडेमोड्या:
बरोबर, आणि त्याला पुरावाही आहे. २०१० चा जेमॉट यांचा अभ्यास, साधारण १२ वर्षांची मुलं, कोर्स फक्त थांबण्याचाच. दोन वर्षांत त्यातल्या तिसरा हिस्सा मुलांनी सुरुवात केली, ज्या गटाला फक्त सर्वसाधारण आरोग्याचा कोर्स दिला त्यात जवळपास ४७ टक्के. म्हणजे चालला! पण त्यात 'लग्नापर्यंत' नव्हतं, 'तयार होईपर्यंत' होतं, लाज आणणं नव्हतं, आणि कोणी कंडोमबद्दल चुकीचं बोललं तर शिक्षक तिथल्या तिथे दुरुस्त करत. त्यामुळे तो सरकारी निधीच्या व्याख्येत बसलाच नसता. याउलट निधी मिळणाऱ्यांतले १३ अभ्यासक्रम २००४ मध्ये खासदार वॅक्समन यांनी तपासून घेतले तर ११ मध्ये चुकीची नाहीतर दिशाभूल करणारी माहिती, एकात घाम आणि अश्रूंतून एचआयव्हीचा धोका!

वैतागलेली_आई:
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, थँक्स सगळ्यांना. मग मीटिंगमध्ये मी नेमकं काय विचारू?

खडू_फळा:
दोघांचीही पुस्तिका मागा, माहितीपत्रक नाही, शिक्षक वर्गात वापरतात ती. कंडोमचं पान उघडा. वर्षभर नीट वापरला तर १०० तल्या साधारण २ जणींना गर्भ राहतो, लोक जसा वापरतात तसा धरला तर १३ जणींना. दोन्ही आकडे असतील तर ठीक, एकच असेल तर का ते विचारा. मग विचारा की एखादी मुलगी येऊन म्हणाली 'मॅडम, मी नाही थांबले', तर शिक्षक काय म्हणणार. गोलगोल उत्तर देऊ देऊ नका, शब्दाला शब्द लिहून घ्या.

सरळसोट:
आणि शिकवणार कोण तेही विचारा. पीटीचे सर मोकळे आहेत म्हणून त्यांना उभं करणार असतील तर दोन्ही कोर्स परत पाठवा.