अनुभव धागा: दोन संवादांच्या मधले चित्रपट

समलिंगी प्रेक्षकाला चित्रपटात जे दिसते, ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला पुष्कळदा दिसत नाही. ज्या पात्राचा किंवा प्रसंगाचा असा वेगळा अर्थ तुम्ही लावलात, त्याविषयी लिहावे आणि त्या अर्थाला चित्रपटात आधार कुठे सापडला तेही सांगावे, ही विनंती.

*

'रिबेल विदाउट अ कॉज' (१९५५) मधल्या प्लेटो या किशोरवयीन मुलाच्या शाळेतल्या लॉकरमध्ये ॲलन लॅड या नटाचे छायाचित्र लावलेले आहे. माझ्या मित्रांच्या ते लक्षातही आले नव्हते. मला मात्र त्यानंतर नायक जिमकडे वळणारी त्याची प्रत्येक नजर वेगळी दिसू लागली. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून काटेकोरपणे राबवलेल्या हेज संहितेने (चित्रपटांत काय दाखवू नये याच्या नियमावलीने) समलैंगिकतेचे सूचनही वर्ज्य ठरवले होते, त्यामुळे जे संवादात लिहिता येत नव्हते ते वस्तूंतून आणि नजरांतून मांडले गेले. शेवटी गोळी लागून मरतो तो प्लेटोच, आणि हे मला केवळ कथानकाची गरज वाटत नाही.

*

'रेबेका' (१९४०) मधली घराची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स मृत मालकीण रेबेकाचा फरकोट नव्या मालकिणीच्या गालाला लावते, तिची अंतर्वस्त्रे दाखवते, तलम झिरझिरीत रात्रवस्त्रात हात घालून त्यातून तो कसा दिसतो ते पाहायला लावते. ती खलनायिका आहे हे मला मान्य आहे (आम्हा बायकांच्या वाट्याला तेव्हा बहुधा तेच येई!), पण रेबेकाच्या आठवणीला अखेरपर्यंत चिकटून राहिलेली त्या घरात ती एकटीच आहे, आणि म्हणून मी तो चित्रपट तिची शोककथा म्हणूनच पाहते.

*

माझे साधे आहे. प्रेमगीत सुरू झाले की मी मनातल्या मनात नायिकेच्या जागी उभा राहत असे. त्यासाठी दिग्दर्शकाच्या संकेताची वाट पाहावी लागली नाही.

*

मी स्वतः समलिंगी असूनही थोडा वेगळा सूर लावतो. 'दोस्ती' (१९६४) मधले मोहनचे विरहगीत नुसते ऐकणाऱ्याला ते प्रेयसीसाठीच आहे असे वाटेल; प्रत्यक्षात ते त्याचा मित्र रामू याच्यासाठी आहे. अनेकांना त्यात प्रेम दिसते, परंतु दोन मुलग्यांची इतकी उत्कट मैत्री दिसली की तिला लगेच आपलीशी करण्याची घाई मला पटत नाही, कारण मग पुरुषांना निव्वळ मित्र म्हणून रडण्याची मुभाच उरत नाही.

*

वरच्या आक्षेपाला जोडून 'बेन-हर' (१९५९) चा उल्लेख करते. पटकथेवर काम केलेल्या गोर विदाल यांच्या सांगण्यानुसार मेसाला आणि बेन-हर हे पूर्वी प्रेमी होते, ही कल्पना मेसालाची भूमिका करणाऱ्या स्टीफन बॉइड यांना दिली गेली आणि बेन-हर साकारणाऱ्या चार्लटन हेस्टन यांच्यापासून मुद्दाम लपवली गेली. हेस्टन यांनी हा दावा नाकारला. तरीही पुनर्भेटीच्या प्रसंगात बॉइड यांचे डोळे पाहावेत: मैत्री की प्रेम हा निवाडा करण्याआधी, मेसाला समोरच्याकडून काहीतरी मागतो आहे आणि समोरच्याला ते उमगत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.