आधी फोटो कुठं लावणार ते ठरवा

घरच्या इंकजेट प्रिंटरवर (शाईचे बारीक थेंब फवारणाऱ्या) फोटो छापायला बाटलीतली स्वस्त डाय शाई पुरेल की महागडी पिगमेंट शाई घ्यावी, असा प्रश्न आलाय. अल्बममध्ये फोटो अंधारात राहतो, तिथं डाय बरी टिकते. भिंतीवर मात्र गोष्ट वेगळी. लातूरच्या घरी आजोबांचा फोटो दारासमोर लावला होता, बिनकाचेचा, बाटलीतल्या डाय शाईत छापलेला. दोन उन्हाळ्यांत निळा रंग उडाला अन् चेहरा तांबूस झाला. आजी म्हणाली, "हे कुणाला टांगलंय रे?"

डाय विरघळलेली असते, कागदात मुरते. ऊन तिला खातंच, पण हवेतला ओझोनही खातो. लगेच वाळणाऱ्या सच्छिद्र कागदावर जास्तच. काच लावली की हवा तरी अडते. पिगमेंटचे रंगकण घन, त्यामुळं ते दमानं फिके पडतात. पण प्रिंटर महिनाभर बंद राहिला की नोझल, म्हणजे शाई बाहेर येते ती बारीक छिद्रं, तुंबायची भीती, त्यात आपला कोरडा उन्हाळा. आठवड्याला एखादं रंगीत पान काढत जा. आणि डायच्या प्रिंटरमध्ये पिगमेंट ओतायचा उद्योग तर करूच नका.

मी स्वतः डायच वापरतो. भिंतीवरचे दोन-चार फोटो तेवढे फोटो लॅबमधून काढून आणतो.