मॉडरेटेड मेडिएशन: 'नियंत्रित मध्यस्थी' की आणखी काही?

शब्दपेटी: प्रबंधाचा मराठी सारांश द्यायचाय आणि 'मॉडरेटेड मेडिएशन'पाशी (एका गोष्टीचा दुसरीतून तिसरीवर होणारा परिणाम आणखी एका गोष्टीवर अवलंबून असणं) गाडी अडलीये. मी 'नियंत्रित मध्यस्थी' लिहिलं, तर ज्यांना वाचायला दिलं त्या म्हणाल्या की यावरून वाटतं तू मध्यस्थ चल (व्हेरिएबल) कंट्रोल केलास. वय, शिक्षण वगैरेंचा प्रभाव वगळायला ते आपण 'नियंत्रित चल' म्हणून घालतोच, त्यामुळे घोळ होणार हे खरं. मॉडेल असं: कामाच्या ताणाने झोप बिघडते, झोप बिघडली की कामात लक्ष लागत नाही, आणि ताणाने झोप किती बिघडणार हे वरिष्ठांचा आधार किती मिळतो त्यावर ठरतं. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर प्रोसेस मॅक्रो (जोडप्रोग्राम) वापरून त्याच्या तयार साच्यांतलं मॉडेल ७ चालवलंय. काय म्हणाल याला?

तळटीप: मॉडरेटर (तुमच्याकडे आधार) 'नियामक' आणि मेडिएटर (तुमच्याकडे झोप) 'मध्यस्थ', हे रुळलेत. त्यावरून 'नियमित मध्यस्थी' मात्र करू नका, नियमित म्हणजे रोजच्या रोज होणारी. 'नियामकाधीन मध्यस्थी' घ्या. जड आहे पण नेमकं आहे.

उंबरठा: मला 'मध्यस्थ'च खटकतो. मध्यस्थ म्हणजे दोघांच्या भांडणात पडून तोड काढणारा, झोप काही ताण आणि लक्ष यांच्यात समेट घडवत नाहीये, ताणाचा परिणाम तिच्यातून पुढे जातोय. यासाठी आपल्याकडे रोजचा शब्द आहे, 'मार्फत'. 'ताणाचा झोपेमार्फत होणारा परिणाम', इनडायरेक्ट इफेक्ट याहून सोपा सांगून दाखवा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ओळख, जाणीव. मला तर वाटतं ओळखीतून काम होतं म्हणूनच 'च्या मार्फत' आलं असणार.

तळटीप: 'मार्फत' अर्जात शोभतो, प्रबंधात नाही. 'द्वारा' आहे की.

उंबरठा: 'अर्ज' तरी कुठून आला? तोही अरबीच. आणि 'झोपेद्वारा' म्हटलं की झोप हे कुणीतरी मुद्दाम वापरलेलं साधन वाटतं.

आकडेमोड: मेडिएटरला काहीही म्हणा हो, पण मॉडरेटर म्हणजे 'सौम्य करणारा' असं धरून शब्द घडवू नका, बरेच जण तसं करतात. समजा ताणाने झोपेतला बिघाड वाढण्याचा गुणांक (परिणाम किती हे सांगणारा आकडा) ०.४०, ताण आणि आधार यांच्या गुणाकाराचा गुणांक -०.१०, आणि झोपेतल्या बिघाडाने लक्ष उडण्याचा ०.५०. आधार १ असेल तर झोपेतून येणारा परिणाम (०.४० - ०.१०) × ०.५० = ०.१५. आधार ३ असेल तर ०.०५. आणि ५ असेल तर -०.०५, म्हणजे दिशाच उलटली! याला सौम्य कसं म्हणणार? आधाराची जी किंमत धराल त्या अटीवर परिणाम ठरतो. म्हणून 'सशर्त'. प्रोसेस मॅक्रो लिहिणारे हेज स्वतः या सगळ्या प्रकाराला 'कंडिशनल प्रोसेस अ‍ॅनालिसिस' म्हणतात, आपण 'सशर्त मध्यस्थी' म्हणायला काय हरकत आहे?

जुनी वही: आमच्याकडे 'मॉडरेशन' म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिका दुसऱ्याने पुन्हा बघणं. त्यात गुण वाढायचेही आणि कमीही व्हायचे, तेव्हा दोन्ही बाजूंचा बदल या शब्दात आहेच. लॅटिनमध्ये मुळाशी 'माप' हा अर्थ आहे, त्यावरून मी 'मात्रक' सुचवेन.

तळटीप: मात्रक म्हणजे एकक, युनिट! नको. आणि 'सशर्त'ने नियामक कोण तेच दिसेनासं होतं. इंग्रजीतही लोक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरत होते म्हणूनच बॅरन आणि केनी या मानसशास्त्रज्ञांना १९८६ मध्ये मॉडरेटर वेगळा आणि मेडिएटर वेगळा हे समजावणारा लेख लिहावा लागला. कष्टाने केलेला फरक आपण पुसू नये.

शब्दपेटी: 'सशर्त' आवडला. मग असं लिहू का: 'आधार कमी असताना परिणामाच्या विश्वासांतरात (खरी किंमत बहुधा ज्या टप्प्यात असेल त्यात) शून्य येत नाही, जास्त असताना येतं, म्हणून सशर्त मध्यस्थी सिद्ध होते'?

आकडेमोड: नाही, प्लीज असं लिहू नका. एकीकडे परिणाम लक्षणीय (अंतरात शून्य नाही) आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून ते दोन परिणाम एकमेकांपेक्षा वेगळे आहेत असं ठरत नाही. आउटपुटमध्ये अगदी खाली 'इंडेक्स ऑफ मॉडरेटेड मेडिएशन' दिलेला असतो, हेजनी २०१५ मध्ये मांडलेला, तो बघा. वरच्या उदाहरणात तो -०.१० × ०.५० = -०.०५, म्हणजे आधार एकाने वाढला की झोपेतून येणारा परिणाम ०.०५ने घटतो. या आकड्याचं बूटस्ट्रॅप पद्धतीने काढलेलं विश्वासांतर शून्याला वगळत असेल तरच दावा करा. पुढे कधी आर या सॉफ्टवेअरमध्ये लावान हे पॅकेज वापरलंत तर हा गुणाकार तुम्हालाच लिहून द्यावा लागेल.

उंबरठा: 'सिद्ध' पण काढा, 'आढळते' म्हणा. एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून आधी ताण की आधी झोप हे कसं सिद्ध होणार?

जुनी वही: बूटस्ट्रॅपला काय लिहिणार? बुटाला मागे जो ओढायचा पट्टा असतो तो. एफ्रन या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नाव दिलं तेव्हा आपलाच पट्टा धरून स्वतःला वर उचलायचं हीच कल्पना होती. 'स्वोद्धार पद्धत' कसं वाटतं?

तळटीप: स्वोद्धार अध्यात्मात. इथे हातातल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा, उचललेलं परत ठेवून, नमुने काढतात, ५००० वेळा म्हणा. 'पुनर्नमुना' सरळ आहे.

उंबरठा: पण पुनर्नमुने इतर पद्धतींतही काढतात, जॅकनाइफ पद्धतीत दर वेळी एक नोंद वगळून काढतातच की. मग त्याला काय म्हणाल?

जुनी वही: जॅकनाइफ म्हणजे घडीचा चाकू ना? मग 'घडीचाकू' म्हणा, मराठीच आहे.